नारायणगुड्याहून समुद्रावर : मित्रमंडळींच्या छोट्या क्रूझची आखणी

समुद्र नसलेल्या शहरातून

हैदराबादच्या नारायणगुड्याहून जवळचा म्हणावा असा समुद्र मछलीपट्टणचा, आणि तोही रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. चेन्नई आणि विशाखापट्टण सहाशेच्या पुढे, मुंबई सातशेच्या. निजामाच्या एवढ्या मोठ्या राज्याला समुद्रकिनारा नव्हता आणि ही उणीव राज्यकर्त्यांना सलत होती. १९४७-४८च्या धामधुमीत पोर्तुगीजांकडून मुरगाव बंदर मिळवता येईल का, याची चाचपणी हैदराबाद सरकारने केली होती. त्यातून काही निष्पन्न झालं नाही. सातवे निजाम मीर उस्मान अली खान राहत ती किंग कोठी नारायणगुड्याच्या चौकातून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आज मुंबईहून निघालेलं क्रूझ जहाज गोव्यात लागतं, ते याच मुरगावला.

या भागात मराठी माणसं जुनी. न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या नावाची केशव मेमोरियल शाळा इथली, आणि तिथे शिकलेल्यांचे गट अजून एकमेकांना धरून आहेत. कुणाची भिशी, कुणाचा सकाळच्या फिरण्याचा कट्टा, कुणाचं वाचक मंडळ. तिरुपती, काशी, अष्टविनायक एकत्र करून झालेल्या या गटांत आता क्रूझचा विषय निघतो. विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "कुठे जायचं?" माझ्या मते इथेच आखणी चुकते. छोट्या क्रूझमध्ये जहाज हेच मुक्कामाचं ठिकाण असतं, बंदर ही मधली भेट. म्हणून आधी ठरवायचं ते हे, की आपल्याला किती तास पाण्यावर हवेत आणि किती तास जमिनीवर. बाकीची उत्तरं त्यामागून येतात.

आधी तास मोजा

समुद्रावरचं अंतर सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तासाला एक सागरी मैल हा वेग म्हणजे एक नॉट. सुटीची जहाजं साधारण १४ ते १८ नॉटने चालतात. एवढं ठाऊक असलं की जाहिरातीतलं वेळापत्रक घरबसल्या तपासता येतं.

मुंबई ते मुरगाव हे अंतर २३० सागरी मैलांच्या आसपास. १५ नॉटचा वेग धरला तर १५-१६ तास. संध्याकाळी निघालेलं जहाज सकाळी गोव्यात पोहोचतं, दिवस तिथे काढतं आणि रात्रभर चालून परत येतं. दोन रात्रींच्या सफरीत जमिनीवरचा वेळ म्हणजे फार तर एक दिवस, तोही चढण्या-उतरण्यात कुरतडला गेलेला. मुंबई ते लक्षद्वीपमधलं अगत्ती सुमारे ५०० सागरी मैल. म्हणजे त्याच वेगाने जाताना तेहतीस तासांच्या आसपास नुसता समुद्र आणि येताना तेवढाच. चेन्नई ते विशाखापट्टण सव्वातीनशे मैलांच्या घरात. काही शनिवार-रविवारच्या सफरी तर कुठल्याच बंदराला लागत नाहीत. खुल्या समुद्रात फेरी मारून परत येतात.

ज्या गटाला गप्पा मारायच्या आहेत, पत्ते कुटायचे आहेत, वर्षभर साठलेलं बोलायचं आहे, त्यांना बंदर नसलेली सफरही पुरेशी होते. ज्यांना 'काय काय पाहिलं' याची यादी हवी, त्यांनी गोव्याला रेल्वेने किंवा विमानाने जावं आणि तिथे चार दिवस राहावं. क्रूझमधून गोवा पाहायला गेलेला माणूस हमखास चिडून परत येतो, आणि त्याच्या चिडण्याचा वाटा सगळ्या गटाला उचलावा लागतो.

जहाज कोणतं, कुठून

मुंबई-गोवा जलप्रवास मराठी माणसाला नवा नाही. कोकणच्या बोटी बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीपर्यंत जात. पण ती वाहतूक होती, सुटी नव्हती. सुटीसाठीचं जहाज या मार्गावर ऑक्टोबर २०१८मध्ये आलं, 'आंग्रिया' नावाचं. कोविडच्या काळात ते थांबलं. पुढे सप्टेंबर २०२१मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसचं 'एम्प्रेस' मुंबईहून सुरू झालं.

या 'एम्प्रेस'ची कुळकथा आपल्या विषयाला अगदी जवळची आहे. फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीत १९९०मध्ये ते 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने बांधलं गेलं आणि बांधतानाच हेतू ठरलेला होता : मायामीहून बहामा बेटांपर्यंतच्या तीन-चार रात्रींच्या सफरी. त्या काळी बहुतेक नवी जहाजं लांब प्रवासाचा विचार करून बांधली जात. हे मात्र छोट्या उष्णकटिबंधीय सुटीसाठीच. लांबी सुमारे २१० मीटर, ११ मजले, प्रवासी अठराशेच्या आसपास. हल्लीच्या महाकाय जहाजांपुढे ते लहान आहे. गटाने जाणाऱ्यांना हे सोयीचं पडतं, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांना सगळे रस्ते पाठ होतात आणि कुणी हरवत नाही. बाल्कनीच्या खोल्या मात्र त्यात थोड्याच आहेत. चित्रांत बाल्कनी पाहून मन गुंतलेल्यांनी आरक्षण करतानाच खात्री करून घ्यावी.

पूर्व किनाऱ्यावर चेन्नई आहे आणि विशाखापट्टणला सप्टेंबर २०२३मध्ये उद्‌घाटन झालेलं क्रूझ टर्मिनल आहे. हैदराबादकरांना ही दोन्ही ठिकाणं रात्रीच्या गाडीने गाठता येतात, चारमिनार एक्स्प्रेसने चेन्नई आणि गोदावरी एक्स्प्रेसने विशाखापट्टण. तिथल्या फेऱ्या मोसमी असतात, वर्षभर नसतात. चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्याही झालेल्या आहेत. त्यांना अर्थातच पासपोर्ट आणि व्हिसा लागतो.

परदेशातलं सर्वांत सोपं बंदर सिंगापूर. विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम एक अंशावर, हैदराबादहून थेट विमान, आणि मलाक्काची सामुद्रधुनी दोन्ही बाजूंनी जमिनीने वेढलेली असल्यामुळे पाणी बहुधा शांत. पेनांग, पोर्ट क्लांग, फुकेत अशी बंदरं घेणाऱ्या तीन-चार रात्रींच्या सफरी तिथून निघतात. एक गोष्ट तेवढी लक्षात ठेवायची : जहाजावर चढलात की सिंगापूर सोडलंत आणि उतरलात की पुन्हा सिंगापुरात प्रवेश. त्यामुळे व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे गटातल्या प्रत्येकाचं वेगवेगळं तपासा. नऊ जणांचा असून दहाव्याचा नसला तरी घोटाळा होतोच.

लक्षद्वीप : माझी निवड

मला विचारलं तर, पाय धडधाकट असलेल्या गटाने लक्षद्वीपला जावं. ८ ते १२ अंश उत्तर अक्षांशांमधली ही ३६ बेटं. आपल्या देशात राहून खऱ्या अर्थाने उष्णकटिबंधातला प्रवाळसमुद्र पाहायचा तर एक अंदमान आणि दुसरं हे.

बेटं बनली कशी ते कळलं की पाहण्यात रस वाढतो. प्रवाळ म्हणजे सूक्ष्म जिवांच्या वसाहती. त्यांच्या चुनखडी सांगाड्यांवर नवे सांगाडे चढत जाऊन कडं तयार होतं. कड्याच्या आत उथळ पाणी साचतं, ते लगून. तळाशी पांढरी वाळू आणि वर फूटभर ते पुरुषभर पाणी, म्हणून रंग निळसर हिरवा, काचेसारखा. कड्याबाहेर समुद्र एकदम खोल होतो. डेकवरून पाहिलं तर हिरव्या आणि गर्द निळ्या रंगांमधली सीमारेषा आखून काढल्यासारखी दिसते आणि तिच्यावर लाटांची पांढरी किनार.

याच रचनेमुळे मोठं जहाज बेटाला सहसा लागत नाही. ते बाहेर थांबतं आणि प्रवासी लहान बोटीत उतरतात. हा प्रसंग नीट समजून घ्यायला हवा. जहाजाच्या कुशीत, पाण्याच्या जरा वर, एक दार उघडतं. खाली बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते. दोन खलाशी दोन्ही दंड धरतात आणि बोट वर आली की "हां, आता" म्हणतात. त्या क्षणी पाऊल टाकायचं. विचार करायला थांबलं की बोट खाली जाते आणि पुढच्या लाटेची वाट पाहावी लागते. हात रिकामे हवेत. पर्स, कॅमेरा, पाण्याची बाटली सगळं पाठीवरच्या पिशवीत. साडी नको, सुटसुटीत सलवार किंवा पँट, आणि पायात मागून पट्टा असलेल्या सँडल. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या मैत्रिणीला ही गोष्ट निघण्याआधी सांगायला हवी, दारापाशी उभं राहिल्यावर नव्हे.

खासगी क्रूझखेरीज लक्षद्वीप प्रशासनाच्या 'स्पोर्ट्स' या पर्यटन संस्थेची 'समुद्रम' नावाची सहल आहे. कोचीहून 'एम. व्ही. कवरत्ती' जहाजाने पाच दिवस : दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय ही बेटं आणि रात्री जहाजावर झोप. कोचीपासून कवरत्ती ४०४ किलोमीटर, मिनिकॉय ३९८. हे जहाज बेटांवरच्या लोकांचीही ने-आण करतं. त्यामुळे चकचकीतपणा कमी, पण शेजारच्या बाकावर दवाखान्यातून घरी निघालेले आजोबा आणि कॉलेजच्या सुटीवर निघालेली मुलं भेटतात. मिनिकॉयची भाषा इतर बेटांहून वेगळी, मालदीवच्या भाषेच्या कुळातली. तिथला दीपस्तंभ १८८५चा. हैदराबादहून कोचीला जायला सिकंदराबादची शबरी एक्स्प्रेस आहे, दुसऱ्या दिवशी एर्नाकुलमला पोहोचवते.

लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो. सहल काढणारी संस्था तो मिळवून देते, पण कागद वेळेत द्यावे लागतात आणि शेवटच्या आठवड्यात ठरवलेलं जमत नाही. बंगारामसारखा अपवाद सोडला तर बेटांवर दारूबंदी आहे. आणि प्रवाळाचा तुकडा उचलून आणायचा नाही, किनाऱ्यावर पडलेला असला तरी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना वाघाइतकंच संरक्षण दिलेलं आहे. नातवंडांना दाखवायला म्हणून पिशवीत टाकलेला तुकडा हा गुन्हा ठरतो. पाण्यात उभं राहायचं तर वाळूवर राहा; प्रवाळावर पाय दिला की वर्षानुवर्षांची वाढ मोडते.

ऋतू चुकला की सगळं चुकलं

पश्चिम किनाऱ्याला जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे थेट अंगावर येतात. अरबी समुद्र खवळतो आणि क्रूझ बंद राहतात. कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवायचा प्रघात याच कारणाने पडला. त्याच महिन्यांत चेन्नईची बाजू वाऱ्याच्या आडोशाला असते, म्हणून पावसाळ्यात जहाज पूर्वेकडे नेण्याची पद्धत आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर चित्र उलटतं. ईशान्य मोसमी पाऊस तमिळनाडूवर येतो आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं उठतात.

मुंबईहून जायचं तर नोव्हेंबर ते मार्च सर्वांत चांगला काळ. एप्रिल-मेमध्ये समुद्र फार त्रास देत नाही, पण डेकवर दुपारी उभं राहवत नाही. एरवी वारा लागत असतो म्हणून ऊन कळत नाही, आणि संध्याकाळी मान-खांदे भाजलेले निघतात. टोपी, सनस्क्रीन आणि लांब बाह्यांचा सुती सदरा ही तिन्ही हवीतच.

खोल्या आणि जोड्या

खोल्यांचे प्रकार ढोबळमानाने चार : खिडकी नसलेली आतली, गोल किंवा चौकोनी बंद खिडकीची, बाल्कनीची आणि मोठा सूट. मित्रमंडळी दिवसभर बाहेरच असतात, खोलीत झोपण्यापुरतीच येतात. म्हणून आतली खोली घेऊन वाचलेले पैसे दुसरीकडे खर्च करावेत असं मी सुचवते. एक अपवाद आहे. बंद जागेत ज्यांचा जीव घाबरतो त्यांना खिडकी हवीच, पैशांचा विचार न करता.

एका खोलीत तिघं-चौघं राहिली तर तिसऱ्या-चौथ्याचं भाडं कमी पडतं. हा आकडा पाहून गट चटकन चौघांची खोली घेतो. पण तिसरा आणि चौथा पलंग छताकडून किंवा भिंतीतून खाली येणारा असतो, शिडीने चढायचा. साठीच्या माणसाने रात्री दोनदा त्या शिडीवरून उतरायचं, तेही जहाज हलत असताना, हे मला पटत नाही. न्हाणीघरही एकच आणि लहान. साठीपुढच्या गटाने दोघांचीच खोली घ्यावी.

जोड्या पाडताना घोरणारे घोरणाऱ्यांबरोबर आणि पहाटे उठणारे पहाटे उठणाऱ्यांबरोबर. हे उघड बोलून ठरवायला लोक लाजतात. पण जिवलग मैत्रिणी खोलीत एकत्र असल्याच पाहिजेत असं नाही. दिवसभर बरोबर असणाऱ्या दोघींना रात्री वेगळी खोली मिळाली तर मैत्रीला काही होत नाही.

पैशाचा हिशेब

जाहिरातीतला आकडा हा शेवटचा आकडा कधीच नसतो. भाड्यावर बंदर शुल्क, जीएसटी आणि बऱ्याच कंपन्यांत सेवाशुल्कही चढतं. जेवण, नाश्ता, नाटक-गाण्याचे कार्यक्रम, पोहण्याचा तलाव हे भाड्यात धरलेलं असतं. मद्य, खास रेस्टॉरंट, वायफाय, स्पा, बंदरावरची सहल आणि कॅसिनो वेगळे. जहाजावर रोख चालत नाही. चढताना मिळणारं कार्ड खोलीची किल्लीही असतं आणि खर्चाचं खातंही. कार्ड दाखवून घेतलेली वस्तू पैसे दिल्यासारखी वाटत नाही, म्हणून रोज रात्री स्वागतकक्षावर आपलं खातं पाहून यावं.

भिशीच्या गटांना एक गोष्ट छान जमते. वर्षभर ठरावीक रक्कम वेगळी काढायची, ती एका नावावर ठेवायची आणि सगळ्यांच्या वहीत लिहायची. क्रूझसाठी हीच रीत उत्तम. मात्र दोन नियम पैसे जमायला लागण्याआधीच करा. पहिला, कुणी गळालं तर काय. सुटण्याची तारीख जवळ येते तशी परत मिळणारी रक्कम कमी होत शेवटी शून्यावर येते. शिवाय जोडीदार गळाला तर उरलेल्याला एकट्याचं जास्त भाडं पडू शकतं. म्हणून गळणाऱ्याने बदली माणूस आणायचा किंवा जोडीदाराचा वाढीव खर्च सोसायचा, हे आधी ठरलेलं बरं. आमच्या ओळखीतल्या एका गटात हे ठरलं नव्हतं. लग्नकार्य निघालं म्हणून एकीने ऐनवेळी नाव काढलं आणि ती रक्कम कुणाची, यावरून दोन घरांतलं येणंजाणं बंद झालं. दुसरा नियम, सामाईक खर्च कोणते. माझं मत असं, की तिकीट, रेल्वे आणि टॅक्सी एवढंच सामाईक ठेवावं. जहाजावर ज्याने जे घेतलं ते त्याच्या कार्डावर.

जेवणाची चिंता मराठी गटांना उगाच असते. भारतातून निघणाऱ्या जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं, आणि पुष्कळ मिळतं. डबाभर चकल्या-लाडू मात्र नेता येतीलच असं नाही. बाहेरचं खाणं बहुतेक कंपन्या तपासणीत थांबवतात, काही सीलबंद पुडे चालवून घेतात. तिकिटाबरोबरच्या नियमांत ते लिहिलेलं असतं. इस्त्री, किटली, मेणबत्ती, उदबत्ती पेटवण्याचं साहित्य घरीच ठेवा. जहाजावर आगीची भीती सर्वांत मोठी.

बोट लागली तर

कानाच्या आतल्या भागाला हालचाल जाणवते, डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते. मेंदूला दोन वेगवेगळे निरोप गेले की मळमळ सुरू होते. म्हणून पहिला उपाय डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहत राहणं. खोलीत पडून मोबाईल पाहणं सर्वांत वाईट. खोली घेताना जहाजाच्या मधली आणि खालच्या मजल्यावरची मागावी, कारण टोकांना आणि वर हेलकावा जास्त जाणवतो. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे डुलणं बरंच कमी होतं. कोकणच्या बोटीतल्या हालांच्या गोष्टी ऐकून कुणी घाबरून बसू नये.

अ‍ॅव्होमिनसारखी गोळी मळमळ सुरू झाल्यावर फारशी उपयोगी पडत नाही. ती आधी घ्यावी लागते. तिने झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आल्याचा तुकडा बऱ्याच जणांना मानवतो. पोट रिकामं ठेवू नये आणि पहिल्याच रात्री बुफेवर तुटूनही पडू नये.

सात छोटे भोंगे, एक लांब

जहाज सुटण्याच्या सुमारास सगळ्यांना सुरक्षा कवायतीला बोलावतात. सात छोटे भोंगे आणि एक लांब, ही जगभरची धोक्याची खूण. गटातले दोघं-तिघं फोटो काढत मागे राहतात, "आपल्याला काय होतंय" म्हणून. तसं करू नये. टायटॅनिक १९१२मध्ये बुडाल्यावर १९१४ साली सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढे १३ जानेवारी २०१२ला इटलीजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर आपटलं आणि ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत दुसऱ्या दिवशी ठेवली होती. त्यानंतरच कवायत सुटण्याआधी किंवा सुटताच घेण्याचा नियम आला. आणि १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेल्या 'रामदास' बोटीबरोबर सहाशेहून अधिक माणसं गेली, ते तर आपल्याच किनाऱ्यावरचं. खोलीच्या दारामागे आपलं जमायचं ठिकाण लिहिलेलं असतं. ते वाचा आणि तिथपर्यंत एकदा जिन्याने चालत जाऊन या. संकटात लिफ्ट वापरत नाहीत.

डेकवर कुठे उभं राहायचं

मुंबईहून दक्षिणेला जाताना जमीन डाव्या हाताला आणि मावळता सूर्य उजव्या हाताला असतो. परतताना किनारा उजवीकडे. खिडकीची खोली घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. बंदरातून बाहेर पडताना कुलाब्याच्या टोकाजवळ खडकावर उभा असलेला १८७५चा प्राँग्ज दीपस्तंभ दिसतो. हवा स्वच्छ असेल तर पुढे डावीकडे थळच्या समोरची खांदेरी-उंदेरी ही बेटं. खांदेरीचा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७९मध्ये इंग्रजांच्या आणि सिद्दीच्या नाकासमोर बांधायला घेतला. तिथल्या दीपस्तंभाला आज कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे, आणि जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत खांदेरी आहे. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्गही त्या यादीत आहेत, पण त्यांच्या समोरून जहाज रात्री जातं. संध्याकाळचा चहा उजव्या बाजूला सूर्याबरोबर घ्या, पण त्याआधीचा अर्धा तास डावीकडे उभे राहा. आम्हा हैदराबादच्या मराठी माणसांना हे किल्ले पुस्तकातूनच माहीत. पाण्यावरून पाहिले की ते तिथेच का बांधले, ते एका नजरेत कळतं.

लक्षद्वीपच्या वाटेवर सकाळी जहाजाच्या पुढच्या बाजूला थांबलात तर उडणारे मासे दिसतात. जहाजाच्या लाटेने दचकून थवाच्या थवा पाण्यातून सुटतो, चांदीची मूठ फेकल्यासारखा तरंगत जातो आणि पुन्हा पाण्यात शिरतो.

मुरगावला उतरल्यावर

मुरगाव बंदर वास्कोला लागून आहे. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. उत्तरेचे प्रसिद्ध किनारे त्याहून लांब. दिवसभरात कळंगुट, जुनं गोवं आणि मंगेशी असं सगळं करायला निघालेला गट गाडीतच दिवस काढतो. एकच दिशा धरा. जवळचं हवं तर बोगमाळोचा किनारा आणि तिथलं नौदलाचं हवाई संग्रहालय. जुन्या गाड्या-विमानांची आवड असलेल्या मित्रांना तिथून हलवणं कठीण जातं. देवदर्शन हवं तर मंगेशी आणि म्हार्दोळ, आणि परतताना जुनं गोवं. जहाज सुटण्याच्या वेळेआधी चढण्याची वेळ वेगळी दिलेली असते. घड्याळ तिच्यावर लावायचं आणि त्याआधी तासभर बंदरात. जहाज कुणासाठी थांबत नाही.

कागद, औषधं, मोबाईल

देशातल्या सफरीला सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच हवं. लग्नाआधीचं आडनाव एका ठिकाणी आणि नंतरचं दुसऱ्या ठिकाणी, ही आपल्या मैत्रिणींची नेहमीची अडचण. नेहमीची औषधं दोन दिवस जास्तीची, आणि सगळी हातातल्या पिशवीत, कारण मोठी बॅग खोलीत पोहोचायला संध्याकाळ होते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी फ्रिजची सोय आधी विचारून ठेवावी. जहाजावर डॉक्टर असतो, पण उपचारांचे पैसे वेगळे आणि मोठे. समुद्रातून रुग्णाला हलवावं लागलं तर खर्च आवाक्याबाहेर जातो, म्हणून प्रवास विमा घ्या आणि त्यात ही बाब आहे का ते पाहा. जेवणाआधी हात साबणाने धुवा. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर नीट चालत नाही.

किनारा दूर गेला की मोबाईलची रेंज जाते. काही जहाजांवर उपग्रहावरून चालणारं नेटवर्क आपोआप पकडलं जातं आणि त्याचं बिल जबर येतं. फोन विमान मोडवर टाकायचा आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवायचं. गटाने भेटीची एक जागा आणि एक वेळ ठरवावी, उदाहरणार्थ रोज सकाळी आठला नाश्त्याच्या दारापाशी. तिथे हजेरी झाली की पुढे ज्याला जे हवं ते त्याने करावं. दिवसभर सगळ्यांनी एकत्रच असलं पाहिजे हा आग्रह सहलीचा जीव घेतो.

मुंबईला जाताना आणि येताना

क्रूझसाठी मुंबईत जायचं ते बॅलार्ड पिअरला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून टॅक्सीने अगदी जवळ. हैदराबादहून दुपारी निघणारी हुसेनसागर एक्स्प्रेस पहाटे तिथे पोहोचते, त्यामुळे त्याच दिवशी संध्याकाळी जहाज पकडता येईल असं वाटतं. गाडी वेळेवर आली तर येतंही. पण चढण्याचं दार सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं आणि गाडीला पाच-सहा तास उशीर झाला तर सगळं तिकीट पाण्यात. आदल्या दिवशी पोहोचा. दादरला नातेवाईक असतातच, नाहीतर फोर्टमध्ये एक रात्र काढा.

परतीच्या आदल्या रात्री मोठी बॅग खोलीबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे, चष्मा, औषधं आणि ओळखपत्र तिच्यात जाऊ देऊ नका. खात्याचा हिशेब रात्रीच मिटवा. सकाळी स्वागतकक्षासमोर लांब रांग लागते. उतरणं मजल्यांप्रमाणे, टप्प्याटप्प्याने होतं आणि बॅगा शोधण्यात आणखी वेळ जातो, म्हणून परतीची गाडी संध्याकाळनंतरचीच काढावी.